अठ्ठेचाळीस आठवडे

डिसेंबर १९८६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अवघ्या दहा रुग्णांची हकिकत छापून आली. दहाही जणांना यकृताचा एकच जुनाट विकार होता आणि त्या विकाराला धड नावसुद्धा नव्हतं. ‘ए’ प्रकारची कावीळ नाही, ‘बी’ प्रकारचीही नाही, एवढंच ठाऊक असल्याने डॉक्टर त्याला ‘नॉन-ए, नॉन-बी’ म्हणत. हा रोग करणारा विषाणू कुणी ओळखलेला नव्हता. तो रक्तात आहे की गेला, हे सांगणारी तपासणीही नव्हती. तरीही अमेरिकेतल्या बेथेस्डा इथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत जे हूफनॅगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दहा जणांना महिनोन्महिने इंटरफेरॉन टोचलं. आठ जणांच्या रक्तातली यकृताची एन्झाइम्स भराभर खाली आली.

हेपटायटिस सीवरच्या उपचारांचा इतिहास इथून सुरू होतो. आज हा आजार बहुतेकांचा बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो आणि त्या गोळ्यांची गोष्ट पुष्कळांनी सांगितली आहे. तिच्या आधीची पंचवीस-सत्तावीस वर्षं मात्र प्रस्तावनेतच उरकली जातात. त्या वर्षांत जगभर लाखो लोकांनी सहा-सहा महिने, वर्ष-वर्ष इंजेक्शनं घेतली, ताप काढले, केस गमावले, नोकरी-संसार कसाबसा रेटला. त्यातल्या निम्म्याअधिक लोकांचा आजार शेवटी होता तिथेच राहिला. या लोकांवर आणखी एक अन्याय झाला. नेटाने औषध घेतलं नाही म्हणून गुण आला नाही, असा ठपका त्यांच्या माथी बसला. तो ठपका खोटा होता, आणि हे समजायला तो काळ जवळून पाहावा लागतो.

आजाराची जात आधी लक्षात घ्यायला हवी. १९७५ साली हार्वे आल्टर, रॉबर्ट पर्सेल आणि स्टीफन फाइनस्टोन यांनी दाखवून दिलं, की रक्त चढवल्यानंतर होणाऱ्या बऱ्याचशा काविळी ए आणि बी या दोन्ही विषाणूंमुळे होत नाहीत. तिसरा कुणीतरी आहे. तो सापडायला आणखी चौदा वर्षं गेली. कॅलिफोर्नियातल्या कायरॉन कंपनीत मायकेल हॉटन, क्वी-लिम चू आणि जॉर्ज कुओ यांनी डॅनियल ब्रॅडली यांच्या सहकार्याने १९८९ मध्ये त्याचा माग काढला. (पुढे २०१३ मध्ये हॉटन यांना कॅनडाचा गेर्डनर पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा चू आणि कुओ यांची नावं त्यात नाहीत म्हणून त्यांनी तो नाकारला. विज्ञानाच्या इतिहासात असं क्वचित घडतं.) १९९० पासून रक्तपेढ्यांच्या हाती चाचणी आली आणि जुने हिशेब उघडे पडू लागले. कुणाला बाळंतपणात रक्त चढवलं होतं, कुणाचं अपघातानंतर ऑपरेशन झालं होतं, कुणी तरुणपणी चार मित्रांत एकच सुई वापरली होती. संसर्ग झालेल्या शंभरांपैकी सत्तरएक जणांच्या शरीरात हा विषाणू कायमचा मुक्काम करतो आणि वीस-वीस वर्षं आवाज करत नाही. त्या वीस वर्षांत पंधरा ते तीस टक्के लोकांचं यकृत आक्रसून सिऱ्हॉसिसपर्यंत जातं, पुढे जलोदर, रक्ताच्या उलट्या, कॅन्सर.

म्हणजे डॉक्टरांसमोर बसलेल्या माणसाला पुष्कळदा काहीच होत नसायचं. थोडा थकवा, एवढंच. आणि त्याला सांगितलं जायचं, की उद्याच्या दुखण्यापासून वाचायचं असेल तर आजपासून वर्षभर आजारी पडायला तयार व्हा. या उपचाराची खरी कसोटी इथे होती.

इंटरफेरॉन हे माणसाच्या शरीरातच तयार होणारं द्रव्य. १९५७ मध्ये लंडनच्या मिल हिल भागातल्या राष्ट्रीय संशोधन संस्थेत ॲलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमान यांना ते सापडलं. विषाणूचा हल्ला झालेली पेशी ते सोडते आणि शेजारच्या पेशी सावध होतात. पण ते इतकं थोडं मिळायचं, की फिनलंडमध्ये कारी कँटेल यांना रक्तपेढीत उरलेल्या पांढऱ्या पेशींतून ते थेंबाथेंबाने गोळा करावं लागे. १९८० च्या सुमारास चार्ल्स वाइसमन यांच्या झुरिकमधल्या प्रयोगशाळेने त्याचं जनुक जिवाणूत घातलं आणि ते कारखान्यात तयार होऊ लागलं. कॅन्सरवरचा रामबाण म्हणून त्याचा गाजावाजा झाला, ती आशा बरीचशी फोल ठरली. हूफनॅगल यांच्या दहा रुग्णांनी त्याला नवं काम मिळवून दिलं.

१९९१ मध्ये अमेरिकेत हेपटायटिस सीसाठी त्याला मान्यता मिळाली. आठवड्यातून तीनदा तीस लाख युनिट, सहा महिने. निम्म्या रुग्णांची एन्झाइम्स उतरत, घरात आनंद होई आणि इंजेक्शनं थांबली की अनेकांची पुन्हा चढत. पुढे मोठ्या चाचण्यांत हिशेब लागला तेव्हा सहा महिन्यांच्या उपचारानंतर विषाणू कायमचा गेलेले लोक शंभरात सहा निघाले. वर्षभर दिलं तर तेरा. शंभरातल्या चौऱ्याण्णवांनी जे सोसलं, त्याची वैद्यकीय पुस्तकांत फारशी नोंद नाही.

१९९८ मध्ये रिबाव्हिरिनच्या गोळ्यांची जोड मिळाली आणि वर्षभराच्या उपचाराचं यश अडतीस टक्क्यांपर्यंत गेलं. इंटरफेरॉनच्या रेणूला पॉलिएथिलीन ग्लायकॉलची साखळी जोडली की ते शरीरात आठवडाभर टिकतं, म्हणून २००१-०२ पासून आठवड्याला एकच इंजेक्शन पुरू लागलं. नव्या जोडीचं यश चौपन्न ते छप्पन टक्के. विषाणूच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या जातीला चोवीस आठवडे पुरत. पहिल्या आणि चौथ्या जातीला अठ्ठेचाळीस लागत, आणि पहिल्या जातीत तर इतकं करूनही निम्म्याहून कमी लोक बरे होत. पुढची दहा वर्षं सगळ्या जगाने हेच औषध घेतलं.

ते घेणं म्हणजे काय होतं? फ्लूमध्ये अंग मोडून येतं, कापरं भरतं, डोकं ठणकतं, त्यातला मोठा वाटा शरीराने सोडलेल्या इंटरफेरॉनचाच असतो. इथे तेच बाहेरून, कितीतरी पट मात्रेत टोचलं जात होतं. तेव्हा दर आठवड्याला फ्लू, आणि तोही वर्षभर. पाश्चात्त्य देशांतल्या पुष्कळ रुग्णांनी इंजेक्शनसाठी शुक्रवारची संध्याकाळ धरलेली होती, म्हणजे तापाचे दोन दिवस सुट्टीत निघून जातील आणि सोमवारी कामावर उभं राहता येईल. फ्रिजमधून सिरिंज काढायची, गारवा जाईपर्यंत तळहातात धरायची. पॅरासिटॅमॉल आधीच घेऊन ठेवायची. पोटावर किंवा मांडीवर मागच्या आठवड्यांच्या लाल चकत्या अजून खाजत असत, त्या चुकवून कोरी जागा शोधायची, चामडी चिमटीत धरायची आणि सुई घालायची. उशाशी पाण्याची बाटली, पायाशी जादा ब्लँकेट. काही तासांत हुडहुडी सुरू होई. पहिल्या काही आठवड्यांनंतर ताप थोडा सौम्य होतो, पण तोवर दुसऱ्या गोष्टी सुरू झालेल्या असत. उशीवर केसांचे पुंजके, तोंडाला धातूची चव, जेवणावर वासना नाही, रात्रभर टक्क जाग.

रिबाव्हिरिनच्या रोज पाच-सहा गोळ्या तांबड्या पेशी फोडत. महिन्याभरात हिमोग्लोबिन दोन-तीन ग्रॅमनी खाली येई आणि एक जिना चढला तरी धाप लागे. पावसाळ्यात शेतकरी आभाळ बघतो तसे हे लोक दर पंधरवड्याच्या रक्ताच्या रिपोर्टकडे बघत. पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, हिमोग्लोबिन. एक आकडा फार उतरला की औषध कमी करावं लागणार, आणि औषध कमी केलं तर बरं होण्याची शक्यताही कमी होणार. या गोळ्यांनी गर्भात व्यंग येण्याचा धोका असल्याने नवरा-बायको कुणीही औषध घेत असो, उपचाराच्या काळात आणि नंतर सहा महिने मूल होऊ द्यायचं नाही, अशी सक्त ताकीद असे. तिशीतल्या जोडप्यांना दीड-दीड वर्षं थांबावं लागलं.

सगळ्यांत अवघड होतं मनाचं. औषध घेणाऱ्या दर तीन-चार जणांमागे एकाला तरी नैराश्याने गाठलं. वाक्य अर्धवट सुटायचं, वाचलेलं लक्षात राहायचं नाही. एरवी शांत असलेला माणूस चहा गार झाला म्हणून घर डोक्यावर घ्यायचा आणि नंतर रडायचा. औषधाच्या माहितीपत्रकावर आत्महत्येच्या विचारांचा इशारा ठळक छापलेला असे. हा रसायनाचा परिणाम आहे हे डॉक्टरांना ठाऊक होतं, घरच्यांना ते उशिरा कळे. म्हणून या उपचारातून पार पडलेल्यांच्या आठवणींत डॉक्टरांइतकीच बायको, आई, बहीण, एखादी नर्स भेटते. रिपोर्टची तारीख लक्षात ठेवणारी, आणि ‘हे औषध बोलतंय, हा माणूस नाही’ असं स्वतःला बजावणारी. या माणसांचं नाव कुठल्याच शोधनिबंधात नाही.

परीक्षांच्या तारखाही ठरलेल्या असत. चौथ्या आठवड्यात विषाणू दिसेनासा झाला तर शकुन चांगला. बाराव्या आठवड्यापर्यंत तो शंभर पटींनी घटला नाही तर उपचार थांबवत, तीन महिन्यांचं सोसणं वाया. अठ्ठेचाळीस आठवडे पूर्ण झाले तरी सुटका नव्हती. शेवटच्या इंजेक्शननंतर सहा महिन्यांनी पुन्हा रक्त तपासायचं आणि तेव्हाही विषाणू नसेल तरच बरे झालात असं म्हणायचं. या सहा महिन्यांत कित्येकांचा विषाणू परत आला.

२००२ मध्ये जॉन मॅकहचिसन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की दोन्ही औषधांची किमान ऐंशी टक्के मात्रा, ठरलेल्या मुदतीच्या किमान ऐंशी टक्के काळ घेतली तर यश वाढतं. निष्कर्ष बरोबर होता आणि उपयोगीही. पण त्यातून दवाखान्यांत आणि घराघरांत एक भाव रुजला, की टिकून राहिलात तर जिंकाल. मग जो टिकूनही हरला त्याने काय समजायचं? कुठला डोस चुकला, कधी पथ्य मोडलं, हे तो शोधत बसला.

उत्तर मिळायला २००९ उजाडलं. त्या वर्षी ‘नेचर’मध्ये डेव्हिड गोल्डस्टीन यांच्या गटाचा शोध प्रसिद्ध झाला. एकोणिसाव्या गुणसूत्रावर आयएल-२८-बी या जनुकाजवळ एका अक्षराचा फरक असतो. तिथे अनुकूल अक्षरांची जोडी असलेल्यांना इंटरफेरॉनचा गुण येण्याचं प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट होतं. आफ्रिकी वंशाच्या अमेरिकनांना हे औषध कमी लागू पडतं, हे आधीपासून दिसत होतं आणि त्याचा दोष कधी त्यांच्या शिस्तीला, कधी राहणीला दिला गेला होता. त्या फरकाचा जवळपास निम्मा भाग या एका अक्षराने उलगडला. निकाल पुष्कळ अंशी पहिल्या इंजेक्शनच्या आधीच ठरलेला होता. ज्यांना अपयशी म्हणून घरी पाठवलं त्यांची माफी मागण्याची ती वेळ होती. कुणी ती मागितल्याचं माझ्या वाचनात नाही.

या आजाराने सगळ्यांत जास्त पोळला तो इजिप्त, आणि तोही उपचारापायीच. नाईलच्या कालव्यांत उतरणाऱ्या शेतकऱ्यांना बिल्हार्झिया हा कृमींचा आजार पिढ्यान्‌पिढ्या होत आला होता. तो हटवण्यासाठी १९५० च्या दशकापासून १९८० च्या दशकापर्यंत सरकारने गावोगाव टार्टर एमेटिकची इंजेक्शनं शिरेतून दिली, एकेकाला बारा-बारा, सोळा-सोळा. काचेच्या सिरिंजा त्याच, पाण्यात जेमतेम उकळलेल्या, रांगेतल्या पुढच्या माणसासाठी तयार. हेतू निर्मळ होता. पण त्या सुयांनी सी विषाणू गावच्या गावं पसरवला, आणि पुढे तोंडाने घ्यायचं प्राझिक्वांटेल आलं तोवर घडायचं ते घडून गेलं होतं. २००८ च्या पाहणीत पंधरा ते एकोणसाठ वयाच्या इजिप्शियनांपैकी जवळपास पंधरा टक्क्यांच्या रक्तात या संसर्गाची खूण सापडली. जगात दुसऱ्या कुठल्याही मोठ्या देशात इतकं प्रमाण नव्हतं. अरब जगाचा लाडका गायक अब्देल हलीम हाफेझ लहानपणी असाच बिल्हार्झिया घेऊन वाढला आणि १९७७ मध्ये, अठ्ठेचाळिशीही गाठण्याआधी, यकृताच्या विकाराने लंडनमध्ये गेला. आपलं दुखणं काय आहे, हे पुष्कळ इजिप्शियनांना त्याच्या आजारपणातून समजलं.

इजिप्तने २००६ मध्ये राष्ट्रीय समिती नेमली, सरकारी केंद्रं उघडली आणि देशातच तयार झालेल्या इंटरफेरॉनसह उपचार सुरू केले. सुईने दिलेला रोग काढायला पुन्हा सुई, अठ्ठेचाळीस आठवडे. तिथला विषाणू चौथ्या जातीचा, यश पन्नास-साठ टक्क्यांच्या आसपास. तरीही लोक गावाकडून गाड्या बदलत दर आठवड्याला येत राहिले.

आपल्याकडे वेगळी तऱ्हा होती. भारतात रक्तपेढ्यांना सी विषाणूची तपासणी सक्तीची झाली २००१ मध्ये, म्हणजे चाचणी निघाल्यावर दहा-अकरा वर्षांनी. पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांची पद्धत सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे १९९८ च्या जानेवारीपासून बंद झाली होती, पण मधल्या काळातली किंमत थॅलेसेमियाच्या मुलांनी, हिमोफिलियाच्या आणि डायलिसिसच्या रुग्णांनी मोजली. थॅलेसेमियाच्या मुलाला जगण्यासाठी दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतं. त्याला रिबाव्हिरिन दिलं की ते तांबड्या पेशी आणखी फोडणार, म्हणजे आणखी रक्त, आणखी बाटल्या, शरीरात आणखी लोह. त्या आईबापांपुढचा पेच कुठल्याही टक्केवारीत मावणारा नाही.

भारतात जास्त आढळणारी विषाणूची तिसरी जात इंटरफेरॉनला त्यातल्या त्यात बरी दाद देई, आणि सहा महिन्यांत काम भागे. अडत होतं पैशाशी. नावाजलेल्या परदेशी कंपनीच्या पेगिलेटेड इंटरफेरॉनचा सहा महिन्यांचा कोर्स चार लाखांच्या वर जाई. २००५ च्या नव्या पेटंट कायद्यानंतर भारताने औषधावर दिलेलं पहिलं पेटंट याच औषधाचं, २००६ मधलं. त्याला आव्हान देणाऱ्यांत मुंबईतल्या नशेच्या विळख्यातल्या लोकांसाठी काम करणारी संकल्प रिहॅबिलिटेशन ट्रस्ट ही छोटी संस्था होती. ज्यांच्यासाठी ती लढत होती त्यातल्या अनेकांना राहायला घर नव्हतं, मग इंजेक्शन ठेवायला फ्रिज कुठून असणार! २००९ मध्ये पेटंट कार्यालयाने आव्हान फेटाळलं. संस्था अपिलात गेली आणि २ नोव्हेंबर २०१२ रोजी बौद्धिक संपदा अपिलीय मंडळाने पेटंट रद्द केलं. भारतीय रुग्णांच्या हक्कांच्या लढ्यातला हा मोठा विजय होता. पण तोवर त्या औषधाचेच दिवस भरत आले होते.

इंटरफेरॉनचा शेवटचा टप्पा सगळ्यांत कठीण ठरला. २०११ मध्ये टेलाप्रेव्हिर आणि बोसेप्रेव्हिर या विषाणूवर थेट घाव घालणाऱ्या पहिल्या गोळ्या आल्या, पण त्या जुन्या दोन औषधांच्या जोडीनेच घ्यायच्या होत्या. टेलाप्रेव्हिर दर आठ तासांनी, आणि प्रत्येक वेळी वीस ग्रॅम स्निग्ध पदार्थांसह. अन्नाकडे बघवत नसलेल्या माणसाने पहाटे उठून लोणी-चीज गिळायचं. अंगभर पुरळ, गुदद्वाराशी असह्य जळजळ, हिमोग्लोबिन आणखी खाली. पहिल्या जातीतल्या रुग्णांचं यश सत्तर-पंचाहत्तर टक्क्यांवर गेलं हे खरं. पण फ्रान्समध्ये सिऱ्हॉसिसच्या रुग्णांवर झालेल्या पाहणीत चाळीस टक्क्यांच्या आसपास लोकांना गंभीर उपद्रव झाला, काही दगावले.

त्याच सुमारास न्यूझीलंडमध्ये एडवर्ड गेन यांनी दहा जणांना इंटरफेरॉन अजिबात न देता फक्त सोफोसबुव्हिर आणि रिबाव्हिरिनच्या गोळ्या बारा आठवडे दिल्या. दहाच्या दहा बरे झाले. डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत सोफोसबुव्हिरला मान्यता मिळाली आणि किंमत ठरली एका गोळीला एक हजार डॉलर. इजिप्तने घासाघीस करून याच गोळ्यांचा महिन्याचा डबा तीनशे डॉलरला मिळवला. भारतीय कंपन्यांना २०१४ मध्ये परवाने मिळाले, २०१५ मध्ये औषध बाजारात आलं आणि किंमत झपाट्याने उतरत गेली, इतकी की ऑस्ट्रेलिया-युरोपातले रुग्ण ते घ्यायला भारतात येऊ लागले. २०१८-१९ मध्ये इजिप्तने सात महिन्यांत सुमारे पाच कोटी लोकांची तपासणी केली आणि २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रोगनिर्मूलनाच्या वाटेवरची त्याची कामगिरी गौरवली. भारतात पंजाबने २०१६ मध्ये मोफत उपचार सुरू केले, २८ जुलै २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रम आला.

तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार भारतात २०२२ मध्ये पंचावन्न लाख लोक हा विषाणू अंगात घेऊन जगत होते, आणि बहुतेकांना त्याचा पत्ता नव्हता. २००१ च्या आधी तुम्हाला रक्त चढवलं असेल, डायलिसिस चालू असेल, गावात एकाच सुईने अनेकांना टोचणाऱ्याकडे कधी उपचार घेतले असतील, तर जवळच्या सरकारी रुग्णालयात अँटी-एचसीव्ही तपासणी मागा. ती पॉझिटिव्ह आली तर विषाणू खरोखर आहे का, हे आरएनए तपासणी सांगते. राष्ट्रीय कार्यक्रमाच्या केंद्रांवर गोळ्या मोफत मिळतात.

आणि ज्यांनी दहा-पंधरा वर्षांपूर्वी इंटरफेरॉन घेतलं, ज्यांना ते सोसलं नाही किंवा लागू पडलं नाही, आणि त्या आठवणीने ज्यांनी पुन्हा यकृताच्या डॉक्टरांचं तोंड पाहिलं नाही, त्यांना मुद्दाम सांगायचं आहे: चूक तुमची नव्हती. जुनी फाइल घेऊन परत जा. इंटरफेरॉनने बरे न झालेल्यांनाही या गोळ्यांचा गुण येतो, आणि त्यात इंजेक्शन नाही.